सफारीचा कागद कुणाच्या हातात?

गेल्या महिन्यात आमच्या महिला मंडळाच्या सल्ला केंद्रात एक बाई आल्या. वय त्रेसष्ट, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त. शनिवारी दुपारी तिथे येणाऱ्या बहुतेक जणी नवऱ्याचं पिणं, सासरचा त्रास, थकलेली पोटगी असलं काहीतरी घेऊन येतात. या बाई मात्र पाच मिनिटं नुसत्या बसून राहिल्या. पाण्याचा ग्लास दोनदा उचलला आणि परत ठेवला. मग पर्समधून चार घड्या घातलेला एक रंगीत कागद काढून माझ्यापुढे सरकवला. झाडाखाली बसलेला सिंह, मागे हत्तींचा कळप आणि वर ठळक अक्षरात 'केनिया - मसाई मारा, ७ रात्री ८ दिवस, सर्व खर्चासहित'. खाली एक मोबाइल नंबर.

या कागदाच्या भरवशावर बाईंनी ऐंशी हजार रुपये रोख दिले होते. पावती? "अहो, माझाच विद्यार्थी. चौथीत असताना वर्गात पहिल्या बाकावर बसायचा. त्याच्याकडे काय पावती मागायची?" आता त्या विद्यार्थ्याचा फोन लागत नाही, तालुक्याला घेतलेला गाळा बंद आहे आणि सहलीची तारीख उलटून गेली आहे. घरात हे फक्त सुनेला माहीत. मुलाला सांगितलेलं नाही.

"पैसे गेले त्याचं आहेच," त्या म्हणाल्या, "पण 'या वयात आफ्रिका कशाला हवी होती?' हे ऐकायची माझी तयारी नाही."

मैत्रिणींनो, हे वाक्य ऐकल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. फसवणूक झाली, ती करणारा दुसराच कुणी, आणि लाज वाटतेय बाईंना. कशाची? तर सिंह बघावासा वाटला याची! मुलाने याच पैशात मोटारसायकल घेतली असती आणि ती बिघडलेली निघाली असती, तर तो दुकानात जाऊन भांडला असता. त्याला कुणी म्हटलं नसतं की, 'तुला गाडी कशाला हवी होती?'

बाईंची इच्छा चुकीची नव्हती. चूक झाली ती कागदात. आणि ती आपल्यापैकी कुणाच्याही हातून होण्यासारखी आहे, कारण आपल्याला सवयच नाही. भाजीवालीकडे कोथिंबिरीची जुडी उलटसुलट करून बघणाऱ्या आपण, साडीचा पोत दोन बोटांत चाचपल्याशिवाय पुढे न जाणाऱ्या आपण, दोन-तीन लाखांची सहल घेताना मात्र 'यांनी बघितलंय सगळं' किंवा 'ओळखीचा मुलगा आहे' एवढ्यावर सही करतो. ती सही कशावर केली, हे नंतर आठवतही नाही.

मी स्वतः २०२४ च्या ऑगस्टमध्ये केनियाला जाऊन आले. आम्ही नऊ जणी होतो. कुणाचं पार्लर, कुणी एलआयसी एजंट, एक अंगणवाडी सेविका, दोघी मसाले करून विकणाऱ्या, बाकी माझ्यासारख्या घर सांभाळणाऱ्या. २०१९ साली महिना पाच हजारांची भिशी सुरू केली, ती पोस्टात आरडीला टाकत गेलो, मधे कोरोनात वर्षभर थांबली, आणि पंचावन्न हप्त्यांनंतर माणशी पावणेतीन लाख जमले. 'सोबत कोण पुरुष आहे?' हा प्रश्न नऊच्या नऊ घरांत विचारला गेला. (ड्रायव्हर पुरुष आहे, असं आमच्यातल्या एकीने उत्तर दिलं.) त्या सहलीची तयारी करताना जे शिकलो, तेच आज सांगते. सिंह-हत्तींची वर्णनं टीव्हीवर पुष्कळ ऐकलेली असतात, बुकिंगचं कुणी सांगत नाही.

सगळ्यात आधी महिना ठरवायचा. आपल्याकडे सहल म्हटली की मे महिना. मुलांना सुट्टी, नातवंडांना सुट्टी. पण केनियात मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ! २०२४ च्या मे महिन्याच्या सुरुवातीलाच मसाई मारातल्या तालेक नदीला पूर आला, काठावरचे कॅम्प पाण्याखाली गेले आणि पर्यटकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं. मे महिन्यातली सहल स्वस्त मिळते ती काही कुणाच्या औदार्यामुळे नाही. दिवाळीच्या सुट्टीतही बऱ्याचदा तिकडे छोटा पाऊस सुरू झालेला असतो.

जाहिरातीत असतं ते नदी ओलांडणारे हजारो विल्डबीस्ट. दाढीवाल्या, वाकड्या शिंगांच्या या जनावरांचं, दहा लाखांहून जास्त जनावरांचं, स्थलांतर वर्षभर चालूच असतं. टांझानियाचं सेरेंगेटी आणि केनियाचं मसाई मारा हे एकाला एक लागून असलेले गवताळ माळ, त्यावर पावसाच्या मागोमाग ते गोल फिरतात. साधारण जुलै ते ऑक्टोबर ते माराच्या बाजूला असतात. जानेवारी-फेब्रुवारीत सेरेंगेटीच्या दक्षिणेला असतात आणि तिथे त्यांची पिल्लं जन्मतात. म्हणजे कुणी तुम्हाला 'जानेवारीत मसाई मारा, ग्रेट मायग्रेशन बघा' असा कागद दिला, तर तो खुशाल परत करा.

याचा अर्थ जानेवारी वाईट असा नाही. सिंह, हत्ती, जिराफ, झेब्रे मारात बाराही महिने असतात. उलट फेब्रुवारीत हवा कोरडी असते आणि प्रवेश फी निम्मी. मसाई मारात परदेशी प्रौढ पर्यटकाला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर द्यावे लागतात. हा २०० चा दर २०२४ च्या जुलैपासूनच लागू झाला, म्हणजे नेमका आमच्या वर्षी. तीन दिवसांचे ६०० डॉलर, म्हणजे पन्नास हजारांहून जास्त नुसती फी! आम्ही ज्या कंपनीकडे आधी गेलो होतो, तिच्या कागदावर अगदी शेवटी, मुंगीएवढ्या अक्षरात होतं, 'पार्क फी वाढल्यास फरक प्रवाशाने भरावा'. आमच्या एलआयसीवाल्या मैत्रिणीच्या नजरेला ते पडलं, कारण असली अक्षरं वाचायची तिला धंद्यामुळे सवय. तिने सरळ विचारलं, जुलैची फी धरली आहे का? धरलेली नव्हती. आम्ही ती कंपनी सोडली.

तेव्हापासून आम्ही दोनशे पानी वही केली आणि प्रत्येक कंपनीला तेच प्रश्न विचारून उत्तरं लिहून घेतली. सगळे प्रश्न काही शहाणपणाचे नव्हते. 'सिंह नक्की दिसेल का?' असं लेखी मागणारीही एक होती आमच्यात. पण काही प्रश्न खरोखर उपयोगी पडले.

एक, मुक्काम जंगलाच्या आत की बाहेर? ताडोब्याला जाऊन आलेल्यांना हे लगेच कळेल. तिथे कोअर आणि बफर यातला फरक न समजून बुकिंग केलेले किती तरी लोक मला माहीत आहेत. मारामध्येही 'मसाई मारा' नावाची कित्येक हॉटेलं फाटकाच्या बाहेर आहेत. त्यात वाईट काही नाही, ती स्वस्त पडतात. पण मग सकाळी सहाला फाटकावर रांग. किंमत आतल्या मुक्कामाची आणि खोली बाहेरची, असं होता कामा नये. म्हणून 'चांगल्या लॉजमध्ये मुक्काम' असं लिहिलेलं चालवून घ्यायचं नाही. लॉजचं नाव हवं. 'किंवा तत्सम' असा शब्द असेल तर तत्सम म्हणजे कोणतं, तेही नाव लिहून घ्यायचं.

माराच्या भोवती मसाई लोकांच्या जमिनी भाड्याने घेऊन केलेली खासगी राखीव जंगलं आहेत, त्यांना कन्झर्व्हन्सी म्हणतात. तिथे गाड्यांची संख्या मर्यादित असते, पायी फिरता येतं, रात्रीची सफारीही असते. महाग असतात. आम्हाला परवडली नाहीत.

दुसरा प्रश्न गाडीचा. गाडी कुठली आणि एका गाडीत किती जणी? छत वर उचलता येणारी व्हॅन असते किंवा लँड क्रूझर. सात जण बसवले की कुणीतरी मधे अडकतं, आणि ती 'कुणीतरी' बहुधा गटातली सगळ्यात गरीब स्वभावाची बाई असते. 'प्रत्येकीला खिडकी' हे शब्द आम्ही कागदावर घालून घेतले. नऊ जणींना दोन गाड्या, पाच आणि चार.

तिसरा, एका दिवसात गाडीत किती तास? नकाशावर केनिया छोटा दिसतो. नैरोबीहून मसाई मारा पाच-सहा तास. अंबोसेली दुसऱ्याच दिशेला, टांझानियाच्या सीमेजवळ, जिथे हत्तींच्या मागे किलीमांजारो दिसतो तो फोटो तिथला. तिथे जायला चार-पाच तास. आठ दिवसांत पाच अभयारण्यं 'कव्हर' करणारे कार्यक्रम छापलेले असतात, त्यात तुमचे निम्मे दिवस रस्त्यावर जातात. आम्ही तीनच ठिकाणं ठेवली: अंबोसेली, नैवाशा सरोवर आणि मग मारात तीन रात्री. तेही थोडं कमी करायला हवं होतं, असं आता वाटतं. कच्च्या रस्त्याच्या हादऱ्यांना तिथले ड्रायव्हर हसत 'आफ्रिकन मसाज' म्हणतात. पन्नाशीच्या कमरेला तो मसाज तिसऱ्या दिवशी पुरे होतो.

छोट्या विमानाने मारात जाता येतं. पाऊण तासात पोचता, पण सामान पंधरा किलोच, आणि तेही मऊ बॅगेत. चाकांची कडक सुटकेस चालत नाही.

चौथं, खोली. एकट्या, विधवा, अविवाहित बायकांनी हे आधी विचारावं. दर नेहमी 'दोघींत एक खोली' असा छापलेला असतो. जोडीदारीण नसेल तर 'सिंगल सप्लिमेंट' म्हणून बरेच पैसे वर लागतात. दुसऱ्या एकट्या बाईबरोबर खोली जोडून द्याल का, असं विचारलं तर काही कंपन्या देतात. आम्ही नऊ, म्हणजे विषम. जिला घोरण्याची सवय आहे तिने आपणहून वेगळी खोली घेतली आणि वरचे पैसे आम्ही नऊ जणींत वाटून भरले.

आणि 'सर्व खर्चासहित' या दोन शब्दांवर माझा आता काडीचाही विश्वास नाही. त्यात काय नाही, याची यादी मागायची. व्हिसा, विमा, टिप, पिण्याचं पाणी, मसाई वस्तीची भेट हे बहुतेकदा त्यात नसतं. बलूनमधून जंगल बघायचं तर माणशी चारशे डॉलरच्या वर. आम्ही खालून बघितला बलून, छान दिसतो.

केनियाला आता पूर्वीसारखा व्हिसा नाही. २०२४ च्या जानेवारीपासून 'ई-टीए' नावाची परवानगी निघते, सरकारी संकेतस्थळावर अर्ज करायचा, खर्च तीस डॉलरच्या थोडा वर. तसल्याच दिसणाऱ्या नकली साइट दुप्पट-तिप्पट उकळतात, म्हणून कॉलेजातल्या भाचीला शेजारी बसवून स्वतः भरला तरी जमतो. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतरही सहा महिने शिल्लक हवी. पासपोर्टवरचं नाव, तिकिटावरचं नाव आणि पॅन कार्डावरचं नाव एकच हवं. लग्नाआधीचं, नंतरचं, सासूबाईंनी बदललेलं, अशी तीन नावं वागवणाऱ्या आपण बायकाच, तेव्हा हे काम सहा महिने आधी हातात घ्या. आता बऱ्याच गावांत पोस्टातच पासपोर्ट केंद्र झालं आहे.

पॅनवरून आठवलं, आणि हे जरा लक्ष देऊन वाचा. परदेश सहलीच्या पॅकेजवर टूर कंपनी 'टीसीएस' म्हणून कर गोळा करते. दर बदलत असतात. आमच्या वेळी पाच टक्के होता, माणशी तेरा-चौदा हजार रुपये झाले. हा पैसा बुडत नाही. ज्याच्या पॅनवर तो जमा होतो, त्याने विवरणपत्र भरलं की तो हिशेबात वळता होतो आणि कर लागतच नसेल तर परत मिळतो. आमच्यातल्या तिघींनी आयुष्यात पहिल्यांदा रिटर्न भरलं आणि स्वतःच्या खात्यात परतावा आला. एकीने मात्र 'माझं पॅन कुठेय शोधत बसू' म्हणून नवऱ्याचं दिलं. पैसे तिने पंचावन्न महिने मसाले कुटून साठवले, परतावा नवऱ्याच्या नावावर जमा झाला. तो भला माणूस आहे, त्याने दिले तिला. पण 'दिले' म्हणावं लागलं ना!

आता तब्येतीचं. केनियातून परत येताना पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड नसेल, तर आपलंच सरकार सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतं. 'मॅडम, कुणी बघत नाही' असं सांगणाऱ्या एजंटकडून उठून यायचं. ही लस सरकारने नेमलेल्या केंद्रांतच मिळते, गल्लीतल्या दवाखान्यात नाही, आणि केंद्रावर आधी नाव नोंदवावं लागतं. घेतल्यावर दहा दिवसांनी कार्ड लागू होतं, ते आता जन्मभर चालतं. पण साठीच्या पुढच्यांनी, अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी, कॅन्सरचे किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारे उपचार चालू असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये. म्हणून क्रम असा हवा, की आधी डॉक्टर, मग अ‍ॅडव्हान्स. आपण नेमकं उलट करतो. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारून घ्यावं.

विम्यात बीपी-शुगर लपवू नका. प्रीमियम चारशे रुपयांनी वाढेल म्हणून 'काही आजार नाही' असं लिहायचं आणि मग जंगलात छातीत दुखायला लागलं तर? तिथून दवाखाना म्हणजे विमान. नैरोबीला 'अम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्स' ही रुग्णांना विमानाने नेणारी सेवा १९५७ पासून आहे, कित्येक सफारी कंपन्या पर्यटकांसाठी तिचं संरक्षण घेऊन ठेवतात. आपल्या कंपनीने घेतलंय का, विचारा. गंमत म्हणजे तिकडच्या स्वाहिली भाषेत विम्याला 'बिमा'च म्हणतात आणि हिशेबाला 'हेसाबू'. दुकान म्हणजे 'दुका', चहा म्हणजे 'चाय', चपाती ती 'चपाती'. समुद्रापलीकडून चाललेल्या शेकडो वर्षांच्या व्यापाराची ही खूण. सफारी हा शब्दही तिथलाच, अर्थ नुसता प्रवास.

एक नाजूक गोष्ट कुणी छापत नाही म्हणून मी लिहिते. जंगलात तीन-चार तास स्वच्छतागृह नसतं आणि वाटेल तिथे गाडीतून उतरता येत नाही. मग आपण काय करतो? पाणीच पीत नाही. आमच्यातल्या एकीला यामुळे दुसऱ्याच दिवशी लघवीच्या जळजळीचा त्रास सुरू झाला. तेव्हा लाजू नका, पहिल्याच सकाळी ड्रायव्हरला विचारा की थांबा कुठे-कुठे आहे. त्यांना याची सवय असते, सुरक्षित जागा माहीत असतात. पाळी येण्याची तारीख धरून सामान न्या, आणि वापरलेलं सामान ठेवायला कागदी पिशव्या.

प्लास्टिकच्या पिशव्या न्यायच्याच नाहीत! केनियात २०१७ च्या ऑगस्टपासून त्यावर कडक बंदी आहे. लाडू-चिवड्याच्या पिशव्या गाठी मारून बॅगेत कोंबण्याची आपली रीत तिथे महागात पडेल. आम्ही जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवल्या आणि खाऊ स्टीलच्या डब्यांतून नेला. खरं तर फार न्यायची गरज नव्हती. लॉजवर शाकाहारी जेवण मुबलक होतं, गुजराती मंडळी तिथे पिढ्यानपिढ्या आहेत. पण स्वेटर मात्र हवाच. आफ्रिका म्हणजे ऊन, असं आपल्या मनात असतं. मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटर उंचीवर आहे. ऑगस्टमधल्या पहाटे उघड्या छताच्या गाडीत आमचे दात वाजत होते.

आणि सिंह? दिसला. पहिल्याच संध्याकाळी, गाडीपासून दहा फुटांवर, अगदी आळशासारखा पडलेला. लेखी हमी मागणारी आमची मैत्रीण तेव्हा ढसाढसा रडली. का ते तिलाही सांगता आलं नाही.

मला मात्र मसाई वस्तीतली गोष्ट जास्त आठवते. तिथली घरं काटक्या, माती आणि शेणाची, आणि ती बांधतात बायका. सारवलेल्या भिंतीचा वास ओळखीचाच होता. मण्यांचे दागिनेही बायकाच करतात. पण भोवतालच्या ज्या जमिनींचं भाडं पर्यटनातून येतं, त्या जमिनी बहुतेक पुरुषांच्या नावावर. हे ऐकलं आणि आम्ही नऊ जणी एकमेकींकडे बघायला लागलो. आमच्यातल्या किती जणींचं नाव सातबाऱ्यावर आहे? दोघींचं. म्हणून मण्यांची माळ घ्यायची तर ती जिने ओवली तिच्या हातात पैसे द्या, मधल्या पुढाऱ्याच्या नको.

परत मुख्याध्यापिका बाईंकडे येते. पैसे देताना त्यांनी कंपनीच्या नावाच्या खात्यावर चेकने किंवा बँकेतून दिले असते, जीएसटी नंबर असलेली पावती घेतली असती, सहल रद्द झाली तर किती परत मिळणार हे लिहून घेतलं असतं, तर आज काम सोपं होतं. पण रोख दिले म्हणून सगळं संपलं असंही नाही. त्यांच्या पासबुकात त्या दिवशी ऐंशी हजार काढल्याची नोंद आहे. 'मॅडम, मिळाले, थँक यू' असा त्या मुलाचा व्हॉट्सअ‍ॅप निरोप आहे, तो आम्ही छापून घेतला. तो रंगीत कागद आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, कंपनी कुठलीही असो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षांची. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही विचारता येतं. फसवणूक म्हणून पोलिसांत अर्ज देता येतो, तो वेगळा.

दोन शनिवार त्या नुसत्या ऐकून गेल्या. मुलाला कळेल, हीच भीती. तिसऱ्या शनिवारी सून बरोबर आली. तिनेच आदल्या रात्री नवऱ्याला सांगून टाकलं होतं. तो दोन दिवस बोलला नाही म्हणे, मग 'अर्जाला किती झेरॉक्स लागतील?' एवढंच विचारलं.

तक्रार बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिली. चार पानं, शुद्धलेखनाची एक चूक नाही. सोमवारी आम्ही तिघी ती दाखल करायला जिल्ह्याला जाणार आहोत. निघताना त्या दारात थांबल्या आणि विचारलं, "ती पिवळ्या तापाची लस, त्रेसष्टाव्या वर्षी चालते का हो?" मी म्हटलं, ते मला नाही, तुमच्या डॉक्टरांना विचारा. बुधवारची वेळ घेतली आहे त्यांनी.